दुपारची पोपटी

पेणहून समुद्राकडे निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत रोह्यातच अडकून पडू शकतो, हे मला आदल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पेणहून कुठल्याही रस्त्यानं गेलं तरी दुपारच्या जेवणाआधी पाय खाऱ्या पाण्यात असतात. आम्हाला तर त्या दिवशी काशीदला समुद्र धरायचा होता, मुरूडला मुक्काम करायचा होता आणि पुढचे सात दिवस किनारा सोडायचाच नाही असं ठरवून मालवण गाठायचं होतं. मोटारसायकलवरून. चालवणार मी, मागे नवरा.

हे उलटं वाटतं, म्हणून आधीच सांगते. मोटारसायकल त्याची. धाटावच्या केमिकल कंपनीत त्यानं जन्म काढला, ऊन, पाऊस, नाइट शिफ्ट सगळं त्याच गाडीवरून केलं. किनाऱ्या-किनाऱ्यानं मालवणपर्यंत जायचं हे त्याचं लग्नाआधीपासूनचं वेड. आधी शिफ्ट जुळेना, मग मुलांच्या परीक्षा, मग घर बांधायला काढलं. आणि एक दिवस तो रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या हातगाडीत गाडी घेऊन घुसला. हातगाडी दिसलीच नाही म्हणाला. मला वाटलं, थापा मारतोय, लक्ष कुठे होतं कोण जाणे. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा पडदा खराब होत चाललाय. कडेचं दिसणं गेलंय, समोरचं पाइपातून बघावं तेवढंच उरलंय, आणि उजेड कमी झाला की तेही नाही. उपाय नाही. किती दिवस राहील सांगता येत नाही. "बघायचंय ते बघून घ्या," असं डॉक्टर अगदी सहज म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी येताना त्यानं मला एकच गोष्ट बजावली. "कुणाला बोलू नकोस."

नाही बोलले. वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसले. संध्याकाळच्या हळदी, रात्रीचे साखरपुडे, गावची जत्रा, सगळीकडे मी नाही म्हणायचं आणि कारण मीच शोधायचं. माझं डोकं दुखतं, मला शाळेचं काम आहे, मला दगदग सोसत नाही. सासरकडे माझं नाव झालं की मास्तरीण भाव खाते. होऊ दे म्हटलं. मी शाळेच्या मैदानावर रविवारी गिअरची गाडी शिकले, पन्नाशीला आलेली बाई, दोनदा आपटले, पोटरी भाजून घेतली. वर्षभराच्या किरकोळ रजा राखून ठेवल्या. मला त्याला समुद्र दाखवायचा होता. सगळा, अख्खा किनारा, दिवसाच्या उजेडात, आणि सूर्य बुडताना मला त्याच्या शेजारी उभं राहायचं होतं. माझी एवढीच मागणी होती. थंडीतला दिवस आधीच तोकडा, म्हणून पहाटे निघायचं ठरलं.

निघता निघता आठ वाजले. वडखळला ट्रेलरच्या रांगा लागलेल्या. पुढचा हलला की आपण एक पाय टेकवत चार हात सरकायचं, की पुन्हा ब्रेक. माझ्या तोंडात धूळ, मागे नवरा शीळ घालत बसलेला. वडखळ सोडून मी अलिबागच्या फाट्याला वळणार, तेवढ्यात त्यानं खांद्यावर टकटक केलं.

"सरळ घे. डोलवीकडं."

"का?"

"काकांकडं पाच मिनिटं जाऊन येऊ. नंतर रोह्यावरून निघू समुद्राला. रस्ता आहे की."

गाडी चालवताना भांडता येत नाही ही एक मोठी अडचण आहे. मागून हॉर्न, पुढे ट्रेलर. मी दात-ओठ खात सरळ घेतली.

त्याचे चुलते खारेपाटातले, डोलवीच्या पलीकडे खाडीला लागून घर. पूर्वी मिठागरात काम, आता वय झालं म्हणून नुसती देखरेख, म्हणजे दिवसभर बांधावर फिरून दुसऱ्यांना नावं ठेवणं. आम्ही अंगणात शिरतो तर काकी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती आणि काका धुतलेला सदरा घालून ओट्यावर तयार बसलेले.

"आलात का? बसा गो. कवाचे वाट बघतोय आमी."

वाट कशी बघतायत, हे मी विचारायला हवं होतं. पण मी घड्याळाकडे बघत होते. चहा झाला. भाकरी झाली, कोलंबीचं कालवण झालं. मी म्हटलं, निघतो आता. काका म्हणाले, "थांब गो, त्याला बांध दाखवून आणतो. नवा भराव घातलाय."

खारेपाटातला बांध म्हणजे दोन्ही बाजूंना चिखल आणि मधे एका माणसापुरती वाट. ज्याला कडेचं दिसत नाही त्यानं तिथं जायचं? नको म्हणावं तर कारण काय सांगणार? मी मागोमाग गेले. काकांनी त्याचा हात धरला होता. बायकोचा हात ज्यांनी लग्नाच्या मांडवानंतर धरला नसेल असे काका, पुतण्याचा हात घट्ट धरून हळूहळू चालत होते, आणि मधेच थांबून बोटानं खाडी दाखवत होते. नवराही लांबवर काहीतरी शोधावं तशी मान फिरवत होता. मला वाटलं, म्हातारपणी माया आली. बरं वाटलं, आणि त्याच वेळी डोक्यात एकच चालू होतं की ऊन वर चाललंय.

निघताना काकीनं तांदूळ दिले, मीठ दिलं, सुकट दिली. मी म्हटलं, "काकी, आम्ही आठ दिवस फिरतीवर आहोत, सुकट घेऊन कुठं जाऊ?"

"मंग काय झालं? रस्त्यात खावा."

आठ दिवसांच्या कपड्यांच्या बॅगेला सुकटीची पिशवी बांधून आम्ही हायवेला लागलो. हायवेचं मी बोलत नाही. डायव्हर्जनमधून निघालं की दुसरं डायव्हर्जन, डांबर आलं म्हणून जरा वेग घ्यावा तर पुढे पुन्हा खडी. प्रत्येक खड्ड्याला मागून "सावकाश" असा आवाज यायचा. ज्याला समोरचा खड्डा दिसत नव्हता तो मला सावकाश सांगत होता. नागोठण्याला मी पाणी प्यायला थांबले तेव्हा हेल्मेटच्या आत माझं डोकं उकडलेल्या बटाट्यासारखं झालं होतं.

"आता कुठंही नाही हं," मी म्हटलं.

"नाही नाही," तो म्हणाला. "नुसतं धाटाव."

"धाटाव? अहो, धाटाव समुद्रावर आहे का?"

"शिफ्ट बदलायची वेळ होईल आपण पोचू तेव्हा. सगळे भेटतील."

मला रडू येईल असं वाटलं. पण रडण्याइतकाही वेळ नव्हता. भिसे खिंड ओलांडून रोहा, रोह्यातून पूल ओलांडून उलट्या दिशेला धाटाव. समुद्र आमच्या पाठीमागे आणि आम्ही केमिकलच्या वासाकडे. कंपनीच्या बसमधून माणसं उतरत होती, दुचाक्यांची झुंबड उडाली होती. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीशी तो उतरला आणि मी गाडीवरच बसून राहिले, म्हणजे निदान निघायची आठवण राहील.

त्याचा एक जुना जोडीदार, दोघांनी वर्षानुवर्षं एकाच प्लांटवर काढलेली, गर्दीतून वाट काढत आला. त्यानं ह्याला मिठी मारली, बाकावर बसवलं, चहाचा ग्लास आणून त्याच्या हातात दिला आणि त्याची बोटं आपल्या बोटांनी ग्लासाभोवती नीट बसवली. मग दोघं तोंडाला तोंड लावल्यासारखे जवळ बसून बोलत राहिले. नवरा त्याच्याकडे एकटक बघत होता. मी तीनदा हॉर्न वाजवला. आजूबाजूचे कामगार माझ्याकडे बघून हसले. एक जण म्हणाला, "वहिनी, आज हाफ डे करा की." मला त्याचंही डोकं फोडावंसं वाटलं.

"झालं?" तो परत आल्यावर मी विचारलं.

"झालं. आता फक्त ताईकडं."

मी गाडी सुरू केली. बोलले असते तर सगळं निघालं असतं. त्याची मोठी बहीण रोह्याच्या पुढे चणेऱ्याच्या रस्त्याला राहते, म्हणजे ते घर तरी समुद्राच्या वाटेवर होतं. मी मनात हिशोब केला. तिथं उभ्या उभ्या पाणी प्यायचं, पाया पडायचं आणि निघायचं. काशीदला सूर्य बुडायच्या आत अजूनही पोचता आलं असतं. मी गाडी इतकी दामटली की तो मागून माझ्या जॅकेटला धरून बसला.

नणंदेच्या घरामागे भात झोडायचं खळं आहे. आम्ही गेलो तर घरात कुणीच नाही, आणि खळ्याकडून धूर येतोय. बघते तर काय, भर उन्हात पोपटी लावलेली. मडकं उपडं घातलेलं, भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवून दिलेल्या. नणंदेचे यजमान काठीनं जाळ सारखा करत होते आणि नणंद पदरानं तोंड पुसत वालाच्या शेंगांची उरलेली टोपली बाजूला ठेवत होती. उन्हात जाळ धड दिसतही नव्हता, नुसती हवा थरथरत होती.

पोपटी ही काय गोष्ट आहे हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. थंडीच्या दिवसांत, रात्री, शेतात, अंगावर घोंगडी ओढून. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, मीठ, ओवा. जाळाभोवती बसून गप्पा, गाणी. मडकं शिजेपर्यंत अर्धी रात्र जाते आणि त्या वेळेसाठीच ती करायची असते. दुपारी पोपटी लावलेली मी जन्मात बघितली नव्हती.

आणि शिवाय ती शिजायला वेळ लागणार. मग खाणं. मग हात धुणं. मग विडा. माझ्या डोळ्यांपुढे सूर्य धाडकन खाली पडला. सकाळपासून गिळलेलं सगळं वर आलं.

"ताई," मी म्हटलं, "हे काय करून ठेवलंत? पोपटी रात्रीची असते. भर उन्हात कोण लावतं? आम्हाला पुढं जायचंय हो, कुणाला कळतच नाही का?"

नणंदेनं मडक्यावर पाण्याचा हबका मारला. पाणी अजून ओघळत होतं, म्हणजे शिजलं नव्हतं. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "रातीला त्याला दिसल का गो?"

मी जाळाला वळसा घालून तिच्यापुढं गेले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानंच. शिमग्याला फोन केलावता. रडला व्हता फोनवर." तिनं जाळात काटकी टाकली. "काकाला पन म्हाईत हाय. सगल्यांना म्हाईत हाय. तू काय बोलत नाय, म्हनून आमी पन गप. आमाला वाटलं, तुला बोलायचं नाय, मंग आपन कशाला काडायचं?"

म्हणजे काका बांधावर हात धरून चालले ते का, आणि त्या जोडीदारानं बोटं ग्लासावर का बसवली, हे सगळं मला तिथं धुरात उभं राहून एका दमात कळलं. सगळे जण आमची वाट का बघत होते तेही कळलं. फोन आधीच गेले होते. वर्षभर मी एकटीच दाराला कडी लावून बसले होते आणि ज्याच्यासाठी लावली तो मागच्या दारानं सगळ्यांना भेटून आला होता.

मी तरातरा गाडीपाशी गेले. मागोमाग तो आला, अंगणातल्या जात्याला पाय लागून अडखळला, सावरला. मी हात दिला नाही.

"मला म्हणालात, कुणाला बोलू नकोस."

"हो."

"आणि स्वतः गावभर सांगितलंत. मी सगळ्यांच्या नजरेत घमेंडखोर झाले. तुमच्या सख्ख्या भाचीच्या हळदीला गेले नाही मी! माझं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं!"

"त्यांना सांगितलं कारण त्यांच्यासमोर आंधळा झालो तर काय जातंय?" तो म्हणाला. "वर्षातून दोनदा भेट. हात धरतील, चहा देतील, सोडून देतील. तुझ्यासमोर मला रोज राहायचंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मला दिसत नाही असं तुला सांगितलं की तू बघत राहतेस माझ्याकडं. आत्ता पडेल, मग पडेल असं. बांधावर बघत होतीस तसं. तू त्यांच्याशी बोलली असतीस, तर घरी येऊन आणखी दहा जण तुझ्याबरोबर बघायला लागले असते. घरात तरी मला धड माणूस म्हणून राहू दे, एवढंच वाटलं."

माझा राग तर गेला नाहीच, उलट तो कुणावर काढायचा तेच कळेना, त्यामुळे अंगाचा तिळपापड झाला.

"आणि आजचा दिवस? समुद्र बघायला निघालो होतो ना आपण?"

"एकदा सगळ्यांची तोंडं बघून घ्यायची होती. काका काय, पुढच्या वर्षी असतील नसतील. समुद्र उद्याही आहे."

"आणि तुमचे डोळे?"

खळ्याकडून नणंदेनं हाक मारली, की झालं, या. आम्ही गेलो. मडकं उलटं केलं, वाफ आली, भांबुर्डीच्या पाल्याचा तो वास आला, शेंगा केळीच्या पानावर पसरल्या. सगळ्यांनी त्याच्यापुढे सोलून सोलून ठेवल्या आणि तो प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट वळून, थांबून, बघत बघत खात होता. नणंदेनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मी तो झटकला नाही एवढंच. उरलेलं तिनं डब्यात भरून दिलं. सुकटीच्या पिशवीशेजारी तो डबा बांधला.

मग मी गाडी हाणली. अजून काशीद नाही तरी कोर्लई, कोर्लई नाही तर साळाव, कुठंतरी एक पाण्याची रेघ तरी उजेडात मिळेल म्हणून हाणली. रस्ता वळणावळणाचा, मधेच उखडलेला, मधेच गुरं बसलेली. सूर्य झाडांच्या मागे गेला, एका वळणावर पुन्हा दिसला, लालभडक, आणि पुढच्या वळणावर डोंगर आडवा आला तो आलाच. मी वेग वाढवला. त्यानं या वेळी सावकाश म्हटलं नाही. आकाशात उजेड होता, पण रस्त्यावरचा गेला. मला हेल्मेटच्या काचेतून धूसर दिसायला लागलं. काच पुसली तरी तसंच. मग लक्षात आलं की काचेला काही झालेलं नाही, मी रडतेय.

गाडी कडेला घेतली, बंद केली. डोळे पुसायला हेल्मेट काढलं. खाडीकडून वारा येत होता, खारट, चिखलाच्या वासाचा. मागून तो उतरला, दोन पावलं पुढे गेला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मी नाक पुसत होते.

"वा!" तो म्हणाला. "काय रंग आलाय गं पाण्याला. बघ, पोचवलंस की नाही वेळेत? मी म्हणत होतो, तू पोचवशील."

मी वर बघितलं. समोर भात कापलेलं शेत होतं. विजेचा खांब, पेंढ्याची एक उडवी, लांब एक बंद घर. समुद्र अजून दोन डोंगरांपलीकडे होता.

तो हसत उभा होता, शेताकडे तोंड करून, मला बरं वाटावं म्हणून. आणि मला मागच्या वर्षातल्या किती संध्याकाळी आठवल्या. नवी साडी नेसून विचारलं तेव्हा "रंग खुलतोय तुला" म्हणालेला. गच्चीवर लावलेल्या अबोलीला "किती फुलं आलीत" म्हणालेला. मी प्रत्येक वेळी खूश झाले होते. ह्यातलं काय त्याला दिसलं होतं आणि काय माझ्यासाठी होतं, हे आता मला कधीच कळणार नव्हतं.

"समुद्र नाही तो," मी म्हटलं. आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. "शेत आहे. समुद्र लांब आहे अजून."

त्याचे कमरेवरचे हात खाली आले. एक टेम्पो आमच्या बाजूनं गेला, त्याच्या दिव्यात त्याचं तोंड मला दिसलं आणि मी दुसरीकडे बघितलं.

"कसलं शेत?" त्यानं विचारलं.

"भाताचं. कापलंय."

"आणखी काय आहे?"

"मला काय माहीत? अंधार पडतोय."

"मला पडलाय. तुला अजून दिसतंय ना?" तो म्हणाला. "मग सांग."

वर्षभरात त्यानं हे मला पहिल्यांदा मागितलं. मी त्याच्यापाशी गेले, आणि चिडलेल्या आवाजातच सांगायला लागले, की डाव्या हाताला खांब आहे, खांबावर दोन बगळे आहेत, पलीकडे एक घर आहे आणि त्याच्या पडवीत आत्ताच कुणीतरी दिवा लावला.